खाली उभा राहणारा डोमाजी

आमच्या गोंदियाच्या राइस मिलमधले किस्से म्हणजे कोंडा! तांदूळ शेठजी घेऊन गेले, कोंडा आमच्या अंगावर राहिला. आता म्हातारपणी झटकतो म्हटलं तरी निघत नाही. त्यातले हे बास्केटबॉलचे. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं, तेव्हा शुद्धलेखन तपासू नका.

स्वातंत्र्य नवंनवं होतं. शेठजींना शौक लागला आणि धान वाळवायच्या पटांगणात दोन खांब रोवले गेले. पावसाळ्यात मिल बंद झाली की हमाल घरी, पण संघातल्यांची हजेरी, म्हणजे रोजी, बारमाही! त्या हजेरीसाठीच अर्जुनी मोरगावकडचा डोमाजी हा उंच हमाल संघात शिरला. पण गडी कधी बास्केट करत नसे. दुसऱ्याचा नेम चुकला की उडी मारून बॉल धरायचा, आपल्या माणसाला द्यायचा. बस!

संशय पहिल्यांदा मुनीमजींना आला. "प्रभाकर फेंकने से पहले ये नीचे कैसे पहुँचता है? इसको पहले से मालूम रहता है क्या?"

प्रभाकर म्हणजे आमचा हिरो. केसांना तेल, नेमाचा तोरा.

डोमाजी म्हणाला, "प्रभाकरबाबू फेकून राहिले म्हटल्यावर अजून काय होईल, मुनीमजी?"

प्रभाकर आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही!

*

मग मी थोडं तेल ओतलं. प्रभाकरला म्हटलं, "तुझा नेम चुकावा म्हणून डोमाजी नागऱ्याच्या महादेवाला नारळ फोडतो."

शुद्ध थाप! पण सोमवारी प्रभाकर त्यावर उतारा म्हणून आपलाही नारळ घेऊन नागऱ्याला गेला. तर देवळात डोमाजी, हातात नारळ!

"तू इथं काऊन?" प्रभाकर ओरडला.

"तुमचा बॉल चुको म्हणून नाही आलो, बाबू. तुमी मारत राहा म्हणून आलो."

प्रभाकरनं येऊन मला शाबासकी दिली. "तुझी खबर पक्की होती!" तेव्हापासून मला स्वतःच्या थापांचाच संशय येतो.

*

एका मॅचला समोरच्यांनी तक्रार केली की याच्या हाताला डिंक आहे. रेफ्रीनं डोमाजीचे तळवे हुंगले. नुसता कोंडा! त्यानं तर बॉल निसटायला हवा.

"मग चिकटतो कसा रे?"

"साहेब, आमच्या हातून पोतं सुटलं तर पायावर पडते."

"आणि ढुंगणानं मागच्याला ढकलतोस, ते?"

"ते मी नाही ढकलत. तो कायले मागे उभा राहून राहिला?"

रेफ्री मान खाली घालून हसला. समोरच्यांना लगेच शंका, की रेफ्रीही मिलचाच!

*

आता पावसाळ्याच्या तोंडावरची मॅच. तुमसरकडचा तगडा संघ. शेठजींनी आधीच सुनावलं, "जो बास्केट नहीं करता, उसकी हाजिरी बारिश में बंद!" आणि डोमाजीला बाहेर बाकावर बसवला, माझ्या शेजारी.

खेळ सुरू झाला. बॉल प्रभाकरकडे आला. त्यानं बास्केटकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि बॉल दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं तिसऱ्याला. बॉल पटांगणभर फिरतोय, मारत कोणीच नाही! लोक शिट्ट्या मारायला लागले. तुमसरवाले पुढे गेले.

"अरे प्रभाकर, मार ना!" शेठजी ओरडले.

"खाली कोणी नाही, शेठजी!"

"नीचे कौन चाहिए? ऊपर मार!"

"आणि चुकला तर?"

शेवटी प्रभाकरनं रेफ्रीकडे वेळ मागितला आणि थेट आमच्या बाकापाशी आला. "ऊठ, डोमाजी."

डोमाजी उठेना. म्हणाला, "आधी शेठजीले इचारा, पावसाळ्यात माही हजेरी चालू राहील का?"

शेठजी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "तुम दोनों मिले हुए हो!"

"नाही जी," दोघं एकदम म्हणाले.

शेवटी शेठजींनी हात झटकले. "अच्छा, रहेगी हाजिरी. उठ!"

"मोठ्यानं बोला, शेठजी. तिकडच्या हमालांले ऐकू नाही आलं."

शेठजी सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं ओरडले. डोमाजी धोतर खोचून आत गेला.

लगेच बॉल प्रभाकरकडे आला. तो बास्केटच्या इतका जवळ होता, की माझ्या मावशीनंही डोळे मिटून टाकला असता. प्रभाकरनं नीट नेम धरला. आणि चुकवला!

डोमाजीनं उडी मारून बॉल धरला. शेठजी खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते.