विश्वकर्म्याच्या ताटातली शिशी

हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण मी इथं माफी मागायला बसलेली नाही. घोळ झाला, मान्य. पण आधी सगळं ऐका, मग ठरवा चुकलं कोण ते.

तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, आम्ही मध्य प्रदेशात होतो. म्हणजे भिलाई होती तिथंच होती, पण जे काही चांगलं यायचं ते भोपाळला, नाहीतर इंदूरला. आमच्या वाट्याला धूर. मी भिलाईतल्याच सुपेल्याच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते, आणि एके दिवशी आमच्या त्या लॅबमध्ये चक्क फ्लो सायटोमीटर आला. नावाला घाबरू नका. रक्तातल्या पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून सोडायच्या आणि कोणती चमकते ते बघायचं, एवढंच त्याचं काम.

यंत्र नुसतं दाखवायला आलं होतं. जमलं तर ट्रस्टी विकत घेणार, नाही जमलं तर ते तसंच पुढं इंदूरला. आणि घेतलं तर चालवणार कोण? मी. हे मी आमच्या अख्ख्या कँप-वन वस्तीला सांगूनही बसले होते.

कंपनीचे इंजिनीअर प्रधान मुंबईहून आले होते. त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेली एक इवलीशी शिशी माझ्या हातात दिली.

"ताई, ही अँटिबॉडी. माणसाच्या पांढऱ्या पेशींवर एक प्रथिन असतं, त्यालाच जाऊन चिकटते. हिला चमकणारा रंग जोडलाय, म्हणून यंत्राला पेशी ओळखता येते. थंडीत ठेवा आणि अंधारात ठेवा. परवा लागेल."

"तुम्ही बिनघोर राहा," मी म्हटलं.

मधला दिवस नेमका विश्वकर्मा पूजेचा. बाहेरच्यांना हे कळायचं नाही. भिलाईत दिवाळी एक वेळ साधी होईल, विश्वकर्मा पूजा नाही. स्टील प्लांटमध्ये क्रेनपासून पान्यापर्यंत सगळं धुऊनपुसून मांडतात, कुंकू लावतात, आणि घरची माणसं नटूनथटून बघायला जातात. आमचे हे तिथंच फिटर. त्या दिवशी अवजार झाकून ठेवायचं नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलेली. मग आमची लॅबच काय पोरकी होती? मी यंत्राला हार घातला, मायक्रोस्कोपला टिळा लावला. आणि शिशी? ती तर मुख्य अवजार.

"वंदना, साहेबानं अंधारात ठेवाले सांगतलं होतं ना वो?" आमच्या नर्स कमलताईंनी विचारलं.

"थंडीत बी सांगतलं होतं. बर्फात ठेवून तर राहिली मी. पण पूजेत काळं कसं ठेवायचं? तुमीच सांगा."

मी काळा कागद सोडला, शिशी बर्फाच्या ताटात बसवली, वर झालर लावली आणि नीट दिसावी म्हणून फोटोवाल्याचा हॅलोजन तिच्यावर रोखला. कँप-वन लोटला दर्शनाला. जो येईल त्याला मी शिशी उजेडात धरून दाखवत होते. संध्याकाळी पुन्हा कागद गुंडाळला आणि फ्रिजमध्ये ठेवली. झालं ना थंड? झाला ना अंधार?

दुसऱ्या दिवशी ट्रस्टी, डॉक्टर मॅडम, सगळे जमले. निरोगी माणसाचं रक्त हवं म्हटल्यावर मीच बाही वर केली. प्रधानांनी रक्तात शिशीतला थेंब घातला, यंत्र सुरू केलं. पडद्यावर काहीच नाही.

"हे प्रथिन प्रत्येक माणसात असतं," प्रधान चाचरत म्हणाले. "या रक्तात दिसत नाहीये."

"म्हणजे मी माणूस नाही काय?"

"यंत्र तरी तसंच म्हणतंय, ताई."

मी ऐकून घेते होय? "मशीन बिघडली असन तुमची. कमलताईचं रक्त घ्या." घेतलं. कमलताईही माणूस नव्हत्या. मग मॅडमचं. मॅडमही नव्हत्या. शेवटी मी मोठ्या ट्रस्टींना खुर्चीत बसवून त्यांचंच रक्त काढलं. तेही माणसात बसेनात. ते दंड चोळत माझ्याकडे असे बघायला लागले की यंत्र इंदूरला निघालंच म्हणून समजा. पण आवाज खाली? तो मी आयुष्यात केलेला नाही.

"साहेब, दुसरी शिशी काढा. मशीन चांगली निघाली, तर मले सगळ्यांसमोर गाढव म्हणा."

दुसरी शिशी होती, पण इंदूरसाठी राखलेली. प्रधान घुटमळले. मॅडम म्हणाल्या, "द्या तिला. होऊनच जाऊ दे."

पुन्हा माझंच रक्त. आणि पडद्यावर आलेखाचा हा एवढा उंच डोंगर उभा राहिला. "बघा," प्रधान खुशीत म्हणाले, "ताई अगदी अस्सल माणूस आहेत." ट्रस्टींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग प्रधानांनी पहिली शिशी उचलली.

"हिला उजेड लागला होता का हो?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. पण कमलताई कशाला गप्प बसतील? "उजेड? दिवसभर हॅलोजन होता बापा तिच्यावर."

उन्हात वाळत घातलेल्या साडीचा उडतो तसा त्या शिशीतला रंग उडाला होता. यंत्रानं मला माणूस ठरवलं, आणि त्याच मिनिटाला माझ्याच शब्दानं मी गाढव ठरले.

पण यंत्र आमच्याकडेच राहिलं, आणि चालवायला मीच. मग पूजा फळली की नाही, सांगा. पुढं दर विश्वकर्मा पूजेला मॅडम फ्रिजला कुलूप लावून किल्ली घरी न्यायच्या. नेईनात का बापड्या. मी कुलपाला कुंकू लावायची.