पहिल्या पानावरची टाकी

दर महिन्याला एक वही, हा नियम मीच केला आणि मीच सांभाळत आले. पहिल्या तारखेला नवी वही उघडायची, शेवटच्या तारखेला मिटायची. पानं उरली तर कोरी राहू द्यायची, पण पुढच्या महिन्याचं चित्र मागच्या वहीत काढायचं नाही. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, थेट शाई. चूक झाली तर ती तशीच राहते. लखनौला आलो तेव्हा मला इथे कुणी ओळखत नव्हतं आणि हिंदीही धड येत नव्हती, म्हणून आधी वहीशीच बोलायला लागले. पुढे त्या वह्यांतूनच मोठी चित्रं झाली, हिवाळ्यातल्या मेळ्यांत विकली गेली आणि विकास नगरातल्या आमच्या गल्लीत मी ‘पेंटर आंटी’ झाले. माझं खरं नाव आता फक्त गॅसवाल्याला माहीत असावं.

आणखी एक नियम होता. प्रत्येक वहीचं पहिलं पान एकाच चित्राचं. आमच्या गच्चीवरून समोरचं घर दिसतं. त्याच्या छतावर पाण्याची काळी टाकी, टाकीखाली विटांचा चौथरा, बाजूला कपडे वाळत घालायची तार. सुंदर म्हणावं असं त्यात काही नाही, म्हणून तर ते निवडलं. सुंदर गोष्ट चित्रकाराला सांभाळून घेते, टाकी घेत नाही. गवई सकाळी सा लावतो, तशी मी पहिल्या तारखेला टाकी काढते.

आणि महिना संपला की संध्याकाळी चहाबरोबर आमचे हे ती वही तपासतात. हे रेल्वेत इंजिनिअर होते, पुलांच्या कामावर. सांगली सोडून बदल्या करत करत इथवर आलो आणि निवृत्तीनंतर इथलेच झालो. वही मांडीवर घेऊन हे एकेक पान उलटतात आणि शेवटी कुठल्यातरी चुकीवर बोट ठेवतात. “ही भिंत पहिल्या पावसात पडेल.” “या खुर्चीवर कोण बसणार? पाय बघ तिचे.” स्तुती कधी केली नाही. केली असती तर मलाच संशय आला असता.

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीला माझ्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. हात मांडीवर नुसता पडलेला असला की अंगठा शेजारच्या बोटावर घासत राहायचा, वाती वळाव्यात तसा. मी म्हणावं थांब, तर क्षणभर थांबायचा आणि पुन्हा सुरू. गंमत अशी की हातात पेन धरलं की तो गप्प. मग काय, मी पेन सोडेनाच. फोनवर बोलताना पेन, टीव्ही बघताना पेन. भाजीवाला एकदा म्हणाला, “आंटी, आज भिंडी पेन से छाँटेंगी क्या?” मी त्याच्यावरच डाफरले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणत दिवस ढकलत होते.

कारण मला माहीत होतं हे काय असू शकतं. माझ्या मामाला कंपवात झाला होता. आधी त्याचा अंगठा हलायचा, मग हात, आणि शेवटी मामी त्याला वरण-भात भरवायची. मामा शिंपी होता. मशीनवर चादर टाकून ठेवली होती ती पुन्हा कुणी काढलीच नाही. मी भित्री नाही, पण दुपारी जरा पडले की ती चादर डोळ्यांपुढे यायची. चित्र गेलं तर माझं उरतं काय, हा एकच प्रश्न होता, आणि तो कुणापुढे बोलायची माझी तयारी नव्हती.

आमची मुलगी गोमती नगरला राहते, तिथेच नोकरी करते. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र हिंदीत. एका रविवारी मी कणीक मळून, हात धुऊन तिच्यासमोर टेकले होते. पेन स्वयंपाकघरातच राहिलं.

“आई, आपका अंगूठा.”

“काय झालं अंगठ्याला?”

“हिल रहा है.”

“गार पाण्यानं हात धुतलेत.”

“सितंबर में? पंखे के नीचे बैठी हैं आप. हम अपॉइंटमेंट ले रहे हैं, बस.”

“हात दाखवून अवलक्षण कशाला?” मी म्हटलं. तिला म्हण कळली नाही, सूर कळला. तिनं बापाकडे पाहिलं. हे पेपरात डोकं घालून बसले होते. यांचं गप्प बसणं मी माझ्या बाजूचं धरलं.

शेवटी गेलोच. डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. त्यानं माझं मनगट वाकवून पाहिलं, बोटं आपटायला लावली, खोलीत चालायला लावलं. मग एक कोरा कागद पुढे सरकवला. “एक स्पाइरल बना दीजिए. हाथ टेबल पर टिकाकर, आराम से.” मधून सुरू करून बाहेर फिरत जाणारं भोवऱ्यासारखं वळण काढायचं होतं.

चित्र काढणाऱ्या माणसापुढे कोरा कागद ठेवायचा नसतो. परीक्षा आहे हे मी विसरलेच. चांगलं काढायचं, एवढंच डोक्यात राहिलं. छोटं चित्र बोटांनी आणि मनगटानं काढतात, मोठं खांद्यातून. बोटं दगा देतील हे मला ठाऊक होतं. डॉक्टर मान खाली घालून काही लिहीत होता. मी खुर्ची मागे सरकवली, कोपर उचललं, श्वास रोखला आणि खांद्यातून हात फिरवला. कागदभर वळण आलं, एका दमात, कुठेही न अडखळता.

“वाह,” डॉक्टर म्हणाला. “थोड़ी जकड़न है, पर ये तो बहुत साफ़ है. अभी दवा नहीं देते. एक महीने बाद फिर दिखाइए.”

गाडीत बसल्यावर मुलगी रडली, सुटकेनं. घरी येताना यांनी गरम समोसे घेतले. मी दोन खाल्ले आणि गप्पाही मारल्या. जिंकल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कळलं की मी जिला हरवलं ती मीच होते. ज्या माणसाकडे औषध होतं त्यालाच मी फसवून आले होते, आणि आता महिनाभर तोंड मिटून बसायचं होतं.

तो महिना फार वाईट गेला. मी इरेला पेटून काढत होते. तेलीबागच्या बाजारात स्टूल टाकून बसले, गल्लीतल्या ई-रिक्षा काढल्या, वाळत घातलेले स्वेटर काढले. रेषा स्वच्छ येत होती, पेन धरलेला हात हलत नव्हता. रोज पान भरलं की मी स्वतःला म्हणायची, बघ, काही झालेलं नाही. आणि पेन खाली ठेवलं की वाती वळणं सुरू. घरात मी सगळ्यांवर खेकसत होते. चहात साखर कमी पडली म्हणून यांना इतकं बोलले की हे उठून गच्चीवर गेले.

डॉक्टरकडे पुन्हा जायच्या आदल्या दिवशी मुलगी आली. मी कोथिंबीर चिरत होते आणि ती काही केल्या संपत नव्हती. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

“आई, इतनी देर?”

“निवडून चिरावी लागते.”

“उस दिन डॉक्टर को सब बताया था ना आपने? कुछ छुपाया तो नहीं?”

झालं, माझा तोल सुटला. सुरी टाकली. “हात बिघडला असता तर चित्रं बिघडली असती! हातच्या काकणाला आरसा कशाला? ये इकडे, दाखवते तुला.”

तरातरा जाऊन मी कपाटातून वह्या काढल्या. गेल्याच्या गेल्या वर्षीच्या दिवाळीपासूनच्या सगळ्या. पलंगावर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीचं पहिलं पान उघडलं. तेच घर, तीच टाकी, तीच तार. एकाच गोष्टीची इतकी चित्रं शेजारी शेजारी ठेवली की हात कसा आहे ते आंधळ्यालाही दिसेल, असा माझा हिशेब. हे दारापाशी येऊन म्हणाले, “राहू दे गं.” मी यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

“बघ! एक तरी रेघ हललीय का?”

“नहीं आई, अच्छे हैं सब,” ती हळूच म्हणाली.

खरंच, रेषा चांगल्याच होत्या. मी विजयानं ओळीवरून नजर फिरवली, आणि मग मला दिसलं. पहिल्या वहीत टाकीनं पान व्यापलं होतं, तार कागदाबाहेर गेली होती. चार वह्या पुढे तार कागदातच संपत होती. त्यापुढे चौथऱ्याभोवती पांढरी जागा होती, मग ती वाढत गेली. शेवटच्या वहीत अख्खं घर पानाच्या मध्यावर एवढंसं बसलं होतं, आणि टाकी माझ्या अंगठ्याखाली झाकली गेली असती. एकेक चित्र सुटं पाहिलं तर कशातच खोट नव्हती. मला तर वाटत होतं की या वयात मला जागा सोडायची समज आली. मेळ्यात कुणीतरी त्याचं कौतुकही केलं होतं आणि मी ते खुशाल पदरात घेतलं होतं.

हात थरथरेल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसले होते, आणि हात तर गुपचूप आखडत चालला होता.

“टाकी लहान होत गेलीय,” मी म्हटलं. मुलीनं पुन्हा पहिल्या वहीपासून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मी पलंगाच्या कडेला बसले. हात मांडीवर पडला आणि अंगठा हलायला लागला, आणि पहिल्यांदाच मी तो झाकला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर बसल्या बसल्या सांगून टाकलं. “डॉक्टर साहब, पिछली बार हमने आपको चकमा दिया.” खांद्याचं सांगितलं, टाकीचं सांगितलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं कागद सरकवला. मी मनगट टेबलावर टेकवलं आणि जशी येईल तशी रेघ येऊ दिली. वळणं एकमेकांना चिकटत गेली. बाहेर जायचं सोडून सगळं जागच्या जागी गोळा झालं. पेन उचललं तेव्हा कागदावर वाटाण्याएवढा काळा ठिपका होता. माझ्या हातून आलेलं इतकं कुरूप काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार रडू आलं.

त्यानं आजाराचं नाव घेतलं. मामाला झाला होता तोच. मग म्हणाला, “ये जड़ से तो नहीं जाएगा, पर दवा से बरसों काम चलता है. ड्रॉइंग हरगिज़ मत छोड़िए. बस जान-बूझकर बड़ा बनाइए. मुश्किल ये है कि बनाते वक़्त आपको छोटा लगेगा ही नहीं. कोई दूसरा टोके, तभी पता चलेगा.” आणि गोळ्या लिहिता लिहिता विचारलं, “ये छोटा होना कब से है?”

“दो-तीन महीने,” मी जुन्या सवयीनं कमीच सांगितलं.

“नहीं,” हे मागून म्हणाले. “पिछली सर्दियों से.”

मी वळून पाहिलं. हे डॉक्टरकडेही बघत नव्हते आणि माझ्याकडेही.

बाहेर औषधाच्या खिडकीपाशी मुलगी रांगेत उभी राहिली आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. माझं डोकं तापलं होतं. “माझा अंगठा हलायच्याही आधीपासून? दर महिन्याला वही बघत होतात आणि गप्प बसलात? भिंतीची वीट वाकडी असली तर सोडत नाही तुम्ही!”

यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. “पुलाला तडा दिसला की आम्ही आधी वाहतूक थांबवतो,” हे म्हणाले. “मला वाटलं, बोललो तर तू थांबशील. वहीच बंद करशील. मग महिना संपला की मी काय बघणार होतो?” मग म्हणाले, “भ्यायलो मी.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. राग होताच, अजूनही आहे थोडा. या माणसानं तेव्हाच तोंड उघडलं असतं तर औषध तेव्हाच सुरू झालं असतं. पण खरं बोलायचं तर मी वही बंदच केली असती. यांनी मला बरोबर ओळखलं होतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

मी पिशवीतून वही काढली. समोर रांगेत एक म्हातारे गृहस्थ काठीवर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांना काढलं. मुद्दाम मोठं काढलं, खांद्यापासून बुटांपर्यंत, पान भरेल असं. मला तरी ते भरलेलं दिसत होतं. वही यांच्या मांडीवर ठेवली.

हे बराच वेळ बघत राहिले. मला कळत होतं की माणूस चांगला उतरला आहे आणि हे तसं म्हणून सुटू शकतात.

“लहान आहे,” हे म्हणाले. नेहमीसारखं बोट ठेवलं, म्हाताऱ्याभोवतीच्या कोऱ्या जागेवर. “फार लहान आहे गं. परत काढ.”

मी वही ओढून घेतली आणि पान उलटलं.