गसची सकाळची फेरी

थेल्मा प्रुइटच्या भांड्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला तिला कधीच चालला नाही. मेंढ्यांची लोकर कातरायच्या हंगामात ती शेडवर गड्यांसाठी रांधायची. एकदा एका आडदांड गड्याने रश्श्यात मीठ टाकायला हात पुढे केला, तर तिने त्याच्या बोटांवर पळी हाणली. आमच्या यारंबी गावात ही गोष्ट अजून सांगतात, आणि दर वेळी पळी थोडी मोठी होते.

आता तिच्या घरात खाणारा एकटा गस. मेंढ्या हाकण्यात जन्म गेलेला केल्पी कुत्रा, मागचे पाय आखडलेले. त्याच्यासाठी ती खोबरेल आणि मिरीपूड घालून हळदीचा लगदा शिजवायची. तोही जनावरांच्या डॉक्टरला, अॅनिकाला विचारून, नखभरापासून सुरुवात करून. "एका वेळी एकच नवं औषध," ती मला कुंपणावरून ऐकवायची. "दोन दिली आणि कुत्रा बिघडला, तर दोष कुणाला देणार? देवाला?"

हिवाळ्यात गसच्या कुशीला गाठ आली. अॅनिका म्हणाली, "लवकर काढू. फार वाढली तर मला हात लावता येणार नाही. आणि तोवर हळद बंद, थेल्मा. तिच्यामुळे रक्त लवकर गोठत नाही." थेल्माने घरी येऊन लगद्याची बरणी सरळ कचऱ्यात टाकली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी तिच्यासोबत गेले होते. अॅनिकाने गसचा ओठ वर केला आणि तिचा चेहरा उतरला. हिरड्या फिकट. तिने रक्त तपासलं.

"आज भूल देता येणार नाही. तांबड्या पेशी फार कमी झाल्यात. तुम्ही याला लसूण घालता का?"

"मी? लसूण?" शिवी दिल्यासारखी थेल्मा लाल झाली.

"कुणीतरी घालतंय. लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या पेशी फुटतात."

परतताना गावात शिरल्यावर थेल्माने गाडी थांबवली आणि दार उघडलं. "चल रे, दाखव तुझी फेरी."

गस रोज सकाळी एकटाच गावभर हिंडून यायचा. त्याला कुणी हटकत नसे. आज तो लंगडत थेट बेकरीच्या मागच्या दाराशी गेला. आम्ही मागोमाग.

"उशीर केलास रे राजा!" बेकरीवाल्या लोर्नाने चीजमध्ये गुंडाळलेली गोळी पुढे केली. मग तिला थेल्मा दिसली. "अगं... माझ्या गुडघ्यांची आहे. हळदीचीच. तू बंद केलीस ना, म्हटलं बिचाऱ्याचे पाय दुखत असतील."

थेल्माने गोळी हिसकावली. तेवढ्यात गस रस्ता ओलांडून बोल्स या चेंडूंच्या खेळाच्या क्लबाच्या पायरीवर पोचला होता. तिथे म्हातारा मर्व खिम्याची वाटी घेऊन वाट बघत बसलेला. वास लांबूनच आला.

"लसूण आहे," मर्व अभिमानाने म्हणाला. "पिसवांवर रामबाण. माझा बाप सगळ्या कुत्र्यांना द्यायचा."

"आणि तुझ्या बापाचे किती कुत्रे म्हातारे झाले?"

मर्व विचारात पडला. "तसं नाही सांगता यायचं. त्यांना आधीच साप चावायचे. पण थेल्मा, हे नैसर्गिक आहे."

"साप काय कारखान्यात बनतात?" ती ओरडली. "गाठ वाढतेय त्याची! तुमच्या लाडापायी तो ऑपरेशनच्या टेबलावरून परत आलाय! एकालाही विचारावंसं वाटलं नाही मला?"

"तुला कोण विचारणार, बाई? पळी काढशील."

थेल्माने गसला उचलून गाडीत ठेवलं.

त्यानंतर तिच्या फाटकाला कुलूप लागलं. गस सकाळी आतून रडायचा आणि ती त्याच्यावर चिडायची: "रड! मित्र जोडताना अक्कल कुठे गेली होती?" रोज त्याचा ओठ वर करून बघायची. हिरड्या हळूहळू गुलाबी झाल्या. गाठ जरा वाढली होती, पण अॅनिकाने ती पुरती काढली.

टाके निघाले त्या दिवशी मर्व फाटकापाशी आला आणि खिसे उलटे करून उभा राहिला.

"बघ. काही नाही."

"मग आलास कशाला?"

"कान खाजवायला त्याचे."

थेल्माने त्याच्या उलट्या खिशांकडे बघितलं आणि कुलूप काढलं. "मागचे पाय चोळ. हळू. उद्या लोर्नाला पाठव, तिचे हात गरम असतात." मर्व वाकला, तशी ती पुन्हा खेकसली, "आधी हात धू, म्हाताऱ्या! अजून लसणाचा वास मारतोय!"