देठाकडचा घास

मिरच्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे जीभकाका म्हणत, आणि पाठ वळली की नुसतं ‘जीभ’. “जीभ आली का?” “जीभ आज उशिरा येणार आहे.” नवीन माणूस हे ऐकून दचकायचा. जुन्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

काम साधं होतं. गाडीतून हॅलपिनो मिरचीचे क्रेट उतरले की प्रत्येक क्रेटमधल्या दोन मिरच्या काकांनी चाखायच्या आणि क्रेटवर खडूने रेघा ओढायच्या. एक रेघ म्हणजे सौम्य, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे तिखट. त्या रेघा बघून पुढे चकत्या व्हायच्या, व्हिनेगरच्या बरण्यांत जायच्या आणि बरणीवर तसं लेबल लागायचं. या मिरचीचं रंगावरून काही कळत नाही, आकारावरूनही कळत नाही. एकाच झाडाच्या दोन मिरच्या, सख्ख्या बहिणींसारख्या गुबगुबीत. एक खावी तर वाटतं काकडी खाल्ली, आणि दुसरी कानातून धूर काढते. म्हणून तर कारखान्याला यंत्रांच्या जोडीला एक जीभ लागायची.

ती जीभ काकांनी सव्वीस वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपली होती. तंबाखूला कधी शिवले नाहीत. चहा साय धरेपर्यंत गार करून प्यायचे. घरात सगळं बिनतिखटाचं, त्यामुळे काकूंच्याही ताटात तेच. काकू रोज संध्याकाळी वाटी घेऊन शेजारणीकडे साखर मागायला जायच्या आणि अर्ध्या तासाने लाल नाकाने परत यायच्या.

“साखर आणायला एवढा वेळ?” काका विचारायचे. “आणि डोळ्यांत पाणी कशाला?”

“तिची कर्मकहाणी ऐकत होते हो. ऐकवत नाही अगदी.”

काकांना वाटायचं, बायको मोठी हळव्या मनाची आहे.

चाखण्याची त्यांची रीत ठरलेली होती. मिरची आडवी धरायची आणि देठाच्या लगेच खाली पुढच्या दातांनी कचकन तोडायची. तिखटपणा बियांत असतो असं लोक समजतात. तो असतो बिया जिला लटकतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. बियांना तो नुसता लागतो, ओल्या भिंतीला टेकणाऱ्याच्या सदऱ्याला रंग लागावा तसा. शीर देठाकडे जाड असते आणि शेंड्याकडे जाता जाता संपते. म्हणून मिरचीला खरं बोलायला लावायचं तर देठाकडून. घास जिभेच्या टोकावर ठेवायचा, मग मागे न्यायचा, मनात दहा मोजायचे, थुंकायचा, वर घोटभर दूध. पाणी नाही. पाण्याने आग नुसती तोंडभर पसरते.

अशी सव्वीस वर्षं गेली आणि काकांचे वरचे पुढचे चार दात गेले.

“भाचीकडे जाऊन येतो,” असं सांगून त्यांनी तीन दिवसांची रजा काढली आणि येताना कवळी लावून आले. ही गोष्ट फक्त काकूंना ठाऊक. कारखान्यात कुणाला कळलं तर लोक म्हणतील, जीभ म्हातारी झाली. जिभेला कुठं दात असतात, हे लोकांना कोण समजावणार?

पण कवळीचा एक स्वभाव होता. भाकर, फळ, सगळं ती मुकाट खायची. देठाजवळचा मिरचीचा टणक खांदा आला की मात्र जागची हलायची. पहिल्याच दिवशी ती अशी लटकली की काकांना तोंडावर रुमाल धरून खोकल्याचं सोंग करावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिरची फिरवली आणि मऊ शेंडा तोडू लागले. मिरची ती मिरचीच, असं मनाला सांगितलं. मनाने ऐकून घेतलं, त्यालाही नोकरी प्यारी होती.

त्या महिन्यात क्रेटमागून क्रेट एका रेघेचे निघाले.

आणि मग पत्र आलं. एका गायनवर्गाने कार्यक्रमाच्या आधी मंडळींना सँडविच दिली होती, आणि त्यांत ‘सौम्य’ लेबलाच्या चकत्या होत्या. पत्रात लिहिलं होतं, की समूहगीताला अठरा जण उभे राहिले आणि आवाज दोघांचाच आला. त्या दोघांनी सँडविच खाल्ली नव्हती.

मॅनेजरबाईंनी त्याच मालाची एक बरणी उघडली. पहिली चकती खाल्ली, काही नाही. दुसरी खाल्ली, काही नाही. तिसरी खाल्ली आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. बोलता यायला लागल्यावर म्हणाल्या, “एका बरणीत दोन जाती! मळेवालीने बी मिसळलंय.”

मळेवाली म्हणजे नदीपलीकडे चार एकरांत ही मिरची पिकवणारी बाई. नवरा गेल्यापासून मळा तीच बघायची. तिची मिरची घेणारा हा एकच कारखाना. तिला बोलावलं, तेव्हा चिखलाच्या बुटांनीच ती आत आली.

“बी एकच आहे, बाई. पाकीट दाखवते.”

“पाकीट काय दाखवता, मिरची बोलतेय. सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाही तर तुमची गाडी या दारात नको.”

मळेवालीने काकांकडे बघितलं. “काका, तुम्ही तरी सांगा. तुम्ही रोज खाता माझी मिरची.”

काका दुधाच्या पेल्यात बघत राहिले. “मला लागली तशी मी रेघ ओढली,” एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, आणि म्हणूनच जास्त टोचलं.

रविवारी जेवताना काकूंनी सरळ विचारलं, “शेंडा खाता ना हल्ली?”

“तुला कुणी सांगितलं?”

“सकाळी काकडीसुद्धा शेंड्याकडून खाल्लीत.”

“पण तिने बी मिसळलं असेल तर?”

“मग जा की मळ्यात. बघून या.”

काका गेले. निघताना मनात एकच होतं, मळ्यात दुसरी जात सापडू दे, म्हणजे आपण सुटलो. रांगेमागून रांग बघितली. पान तेच, फूल तेच, झाड तेच. मळेवाली मागून चालत होती. शेवटी तिनेच तोंड उघडलं.

“टाकीजवळच्या या रांगा. पाणी पोटभर मिळतं, म्हणून मिरची लाडावलेली, बहुतेक मवाळ. त्या टोकाला नळीतून पाणी थेंबथेंब पोचतं. तिथली झाडं तहानेली, त्यांच्या मिरच्या चिडक्या. आणि ही बघा, अंगावर पांढऱ्या चिरा पडलेली. झाडावर जास्त दिवस राहिली की अशी होते. हीसुद्धा सहसा कडक. तरी कुठली काय निघेल याची खात्री मीसुद्धा देत नाही. घ्या, खा.”

काकांनी शेंडा तोडला. काही लागलं नाही.

मळेवाली बघतच राहिली. “काका, शेंडा काय खाता? तुम्ही तर देठाकडून तोडायचात. तुमचं बघून मी शिकले.”

आता मात्र इभ्रतीचा प्रश्न आला. काकांनी मिरची फिरवली आणि जुन्या रुबाबात देठाखाली कचकन दात रोवले. मिरची ओढली, तेव्हा दातही तिच्याबरोबर बाहेर आले. हिरव्या मिरचीला चार पांढरेशुभ्र दात आणि मागे गुलाबी टाळू. वर शिरेतला रस हिरड्यांना लागला तो वेगळाच. काका वाफ्यातल्या वाफ्यात गोल फिरले.

मळेवाली पोट धरून खाली बसली. हसून झाल्यावर तिने डबा उघडला आणि त्यातलं दही पुढे केलं. मग मिरची कवळीपासून सोडवून कवळी पाण्याखाली धुतली आणि काकांच्या हातावर ठेवली.

“मी कुठं बोलणार नाही,” ती म्हणाली. “दात तुमचे, तोंड तुमचं. पण उद्या माझी गाडी बंद होतेय. तेवढं लक्षात असू द्या.”

सोमवारी काका घरातली भाजीची सुरी खिशात घालून कारखान्यात गेले. चकत्यांच्या टेबलाशी बाया काम करत होत्या. मॅनेजरबाईंना त्यांनी तिथंच बोलावलं. एकच मिरची घेतली. शेंड्याचा तुकडा कापून दिला.

“खा, बाई.”

“सौम्य.”

मग देठाखालचा तुकडा दिला. मॅनेजरबाईंनी खाल्ला आणि टेबल धरलं. काकांनी आपला दुधाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

“एकच मिरची आहे. मळेवालीने काही मिसळलेलं नाही. महिनाभर मी शेंडे खातोय.”

“का?” डोळे पुसत बाईंनी विचारलं.

काकांनी तोंडात बोटं घातली, कवळी काढली आणि ट्रेमध्ये चकत्यांच्या शेजारी ठेवली.

“तो ट्रे उचला आधी!” मॅनेजरबाई ओरडल्या. सगळ्या बाया हसल्या. लेबलवाल्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, “काका, डॉक्टर कुठला? माझी तर बोलतानाच पडते.”

महिनाभराच्या बरण्या परत मागवल्या गेल्या. पंधरा दिवस काका मावशींच्या शेजारी बसून ‘सौम्य’ची लेबलं नखाने खरवडत होते आणि दिवसभर मावशींच्या दाढांचा इतिहास ऐकत होते. शिक्षा नेमकी कुठली, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मग बाईंनी त्यांना पुन्हा क्रेटपाशी उभं केलं, पण सुरी घेऊन.

पहिली गाडी मळेवालीचीच होती. आता ती टाकीजवळचे क्रेट वेगळे आणि टोकाकडचे वेगळे आणायची. काकांनी पहिल्या क्रेटमधली मिरची देठाखाली कापली, तुकडा जिभेवर ठेवला. चारपर्यंत मोजलं आणि पुढचे आकडे विसरले. दुसरी मिरची घेतली. तिच्यापायी तर दूधच सांडलं. खडू उचलून त्यांनी तीन रेघा ओढल्या.

“अहो काका, हा टाकीजवळचा क्रेट आहे,” मळेवाली म्हणाली. “तिथं पाणी भरपूर. एक रेघ ओढा.”

काकांना बोलता येत नव्हतं. त्यांनी तीन बोटं वर केली आणि तशीच धरून ठेवली.

मळेवालीने बोटांकडे बघितलं, क्रेटकडे बघितलं. मग एकदम कपाळाला हात लावला.

“नळी तुंबली म्हणायची!” ती म्हणाली, आणि बाकीचे क्रेट उतरायची वाटही न बघता मळ्याकडे धावली.