टेम्पोतली धार

काल डिचोलीला स्कूटरच्या चाकात हवा भरायला थांबले. दुकानातला कॉम्प्रेसर सुरू झाला आणि माझे हात आपोआप पदराला पुसले गेले. आमच्या दूध काढायच्या मशीनचा आवाज अगदी असाच होता.

लाटंबार्सेला आमच्या अंगणात कितीतरी वर्षांपूर्वी पावणी, म्हणजे लिलाव, झाली होती. ह्यांची कंबर गेली होती, माझी मनगटं. गोठा आवरायचं ठरवलं. सहाही गाई इब्रामपूरच्या एकाने बोली लावून घेतल्या आणि टेम्पोत चढवल्या. मग चारा कापायचं यंत्र गेलं, कॅन गेले. शेवटी दुधाचं मशीन राहिलं.

"वयनी, चालता काय ता दाखयात बगू," ते घेणारा म्हणाला.

मी बटण दाबलं. संध्याकाळच्या धारेचीच वेळ होती. टेम्पोत हंबरणाऱ्या गाई एकदम गप्प झाल्या, आणि फळ्यांच्या फटींतून दूध ठिबकायला लागलं.

"बंद कर गे ता!" हे ओरडले.

मी बंद केलं. दूध थांबलं नाही. टेम्पो निघाला तसे तांबड्या मातीवर वळणापर्यंत पांढरे थेंब पडत गेले.

तेव्हा मनात एवढंच आलं, की उद्यापासून शेण काढायचं नाही. आता वाटतं, टेम्पो थोडा थांबवून त्यांना पिळून घ्यायला हवं होतं. बादली माझ्या पायाशीच होती. थांबा म्हटलं असतं तर कुणी नको म्हणालं नसतं. पण मी फार दमले होते.