साडूभाऊंची खरी नक्कल

माझ्या थोरल्या साडूंना ब्रह्मदेव भेटला असता, तर त्यांनी आधी त्याच्याकडे सृष्टीच्या खरेदीची पावती मागितली असती, मग तिची नक्कल काढून खाली 'खरी नक्कल' असं लिहून सही ठोकली असती. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीतल्या नक्कल विभागात उभी हयात गेलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर लोक बागेत रमतात नाहीतर मुलांना उपदेश करतात. भाऊंनी घरातल्या विकत घेतलेल्या सगळ्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. त्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे कळल्यावर ते आठवडाभर अस्वस्थ होते. "फुकट देणारा कुठंतरी सही घेतोच," म्हणाले, आणि शर्तींची सगळी इंग्रजी पानं छापून, प्रत्येक पानावर सही करून त्यांनी ती फाइलला लावली. दुसऱ्याच्या डिस्कला मात्र ते शिवत नसत. शेजाऱ्यांनी लग्नाची डीव्हीडी आणली तर विचारायचे, "मालकीचा पुरावा?" मग नवरदेव स्वतः समोर उभा का असेना.

नक्कल झाली की रुजवात. कचेरीत एकजण मूळ कागद वाचतो आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून 'हो' म्हणतो. तीच रीत घरी. मी जळगावहून आलो की ते मला कॉम्प्युटरसमोर बसवत आणि स्वतः टीव्हीवर मूळ डिस्क लावून बसत. "खलनायक जिन्यावरून पडला," ते म्हणत. "हो." "टोपीसकट?" "टोपीसकट." असे कितीतरी सिनेमे मी पुरे केले आहेत. कथा एकाचीही आठवत नाही, पण त्यांच्या खरेपणाबद्दल मी कोर्टात साक्ष देईन.

शेवटी एकच डिस्क राहिली. यादीत ती पहिली होती. अक्का, म्हणजे भाऊंची बायको आणि माझ्या बायकोची मोठी बहीण, श्रावणात अमळनेरजवळच्या माहेरी कानबाई देवीची गाणी म्हणायच्या. गावातल्या फोटोग्राफरनं एका वर्षी त्यांची डीव्हीडी काढली. तो ती फुकट देत होता. भाऊंनी पावती फाडायला लावून विकत घेतली. शेवटचं गाणं अक्कांनी एकटीनं म्हटलं आहे. त्यांच्या आवाजाचं घरात दुसरं काही नाही. त्याच वर्षी दसऱ्याला त्यांनी कॉम्प्युटरबरोबर साऱ्या डिस्कनाही कुंकू लावलं, तेही चकचकीत बाजूला. भाऊ चिडले तर म्हणाल्या, "जे चमकस तेच तोंड शे ना?" भाऊंनी व्याख्यान देत एकेक डिस्क पुसली. गाण्यांची डिस्क अक्कांनी हातातून ओढून घेतली. "मन्ही सीडीनं कुकू पुसानं नही." अक्का जाऊन आता दोन वर्षं झाली.

मागच्या महिन्यात भाऊंनी ती डिस्क लावली. शेवटच्या गाण्याशी येऊन टक्क्यांचा आकडा अडला. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच.

"पुसावं लागेल," मी म्हणालो.

उभ्या नोकरीत कुणाला 'उद्या या' न म्हटलेला हा माणूस म्हणाला, "उद्या बघू." मग चष्मा काढून पुसला, आणि चष्माच पुसत राहिला.

"मूळ खराब होत चाललं, की नक्कल ताबडतोब काढायची. नियमच आहे तसा," ते म्हणाले. पण नियम सांगताना पहिल्यांदाच त्यांनी परवानगी मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी "हो" म्हणालो, रुजवातीला म्हणतो तसं.

त्यांनी पांढरा रुमाल ओला केला आणि मधून कडेपर्यंत, सावकाश पुसलं. आकडा शंभरावर गेला. रुजवातीला बसलो. अक्कांचं गाणं सुरू झालं. वाचायची पाळी भाऊंची होती, पण मीच म्हणालो, "अक्का गातायत."

टीव्हीसमोरून उत्तर आलं, "हो."

नकलेच्या नोंदीपुढे त्यांनी 'खरी नक्कल' लिहिलं. डिस्क पाकिटात घालून इतर डिस्कांमध्ये ठेवून दिली. तांबडा डाग पडलेला रुमाल मात्र घडी करून वेगळ्या पाकिटात घातला आणि वर नेहमीच्या गोल अक्षरात लिहिलं: 'मूळ. हात लावू नये.'