दोन चाकांवरची स्वच्छ खोली

नथानियल अष्टमकरने ट्रेलर बांधायला घेतला तेव्हा त्याची बायको रेबेका दोन वर्षं रोह्याबाहेर कुठे मुक्कामाला गेली नव्हती.

नथानियल रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर होता. चालू पंपावर नुसता हात ठेवून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचा. तो रिटायर झाला त्याच वर्षी रेबेकाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. पेणच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. आठवड्यातून तीनदा मशीनवर यायचं, नाहीतर पोटात कायमची नळी बसवून घरच्या घरी डायलिसिस करायचं. रेबेकाने पोस्टाच्या काउंटरवर नोकरी काढली होती. आता पुन्हा दुसऱ्याच्या घड्याळावर जगणं नको, म्हणून तिने नळी घेतली.

दिवसातून चार वेळा ती पोटातलं जुनं पाणी काढून टाकायची आणि हुकाला टांगलेल्या पिशवीतलं दोन लिटर औषधी पाणी आत सोडायची. पाऊण तासाचं काम. तेवढा वेळ खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. हॉस्पिटलातल्या भाविका सिस्टरने दोघांना आठवडाभर बसवून शिकवलं होतं.

"बाहेर आलेली पिशवी पेपरवर ठेवायची," ती म्हणाली होती. "पाण्यातून खालची अक्षरं वाचता आली म्हणजे ठीक. गढूळ दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही. लगेच इथे यायचं."

घरी सगळं नीट चाललं. घराबाहेर मात्र पंचाईत. एकदा पेणला लग्नाला गेले, तेव्हा हॉलच्या मॅनेजरने पिशवी लावायला गाद्यांची खोली उघडून दिली. गाद्यांवर उंदरांच्या लेंड्या होत्या. रेबेका न जेवताच परत आली आणि त्यानंतर तिने कुठलंच आमंत्रण घेतलं नाही. त्यांची मुलगी शीरा लग्न करून इस्राएलला गेलेली. ती फोनवर म्हणायची, तुम्ही दोघं इकडेच या. रेबेका म्हणायची, "आजारपणात नवी भाषा कुठं शिकू? दुखतंय कुठं ते तरी मराठीत सांगू दे."

तिला एकाच ठिकाणी जायचं होतं. पेणच्या पुढे, जिते स्टेशनच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावात ती वाढली. तिच्या वडिलांचं तिथे छोटं दुकान होतं. दुकान गेलं, आजूबाजूची चार यहुदी घरंही गेली, पण ठमाबाई होती. ठमाबाई मिठागरावर राबणाऱ्यांची मुलगी. दोघी एका इयत्तेत, एका बाकावर. आता ठमाबाईचे गुडघे गेले होते आणि तिचं घर गावाबाहेर, खाडीच्या बांधाला लागून होतं. दर रविवारी दोघी फोनवर बोलायच्या.

"तुला येता येत नाय, मला येता येत नाय," ठमाबाई एकदा म्हणाली. "आता फोटूच बघायचा का गो एकमेकींचा?"

रेबेकाने फोन ठेवला. नथानियल समोरच बसला होता. तो म्हणाला, "स्वच्छ खोली मिळत नाही ना कुठं? मग खोलीच न्यायची बरोबर."

कोलाडला हायवेवर प्रविणचं गॅरेज होतं. प्रविण चाळिशीचा, गाड्यांचा जाणता, आणि स्वतःची जुनी फोर-बाय-फोर जीप बाळगून असलेला. त्याच्या ओळखीने नथानियलने लिलावातला जुना लष्करी ट्रेलर मिळवला. दोन चाकांचा, जीपला जोडायचा. साधी गाडी चालली नसती. ठमाबाईच्या घरापर्यंत तीन किलोमीटर बांधावरचा कच्चा रस्ता होता, भरतीने जागोजागी खाल्लेला. पावसानंतर तिकडे टेम्पोसुद्धा जायचा नाही.

चार महिने दोघांनी काम केलं. खाली स्प्रिंगचे नवे पाटे आणि मोठी चाकं बसवली, जोडदांडा दुहेरी लोखंडाचा केला. वर फोम भरलेल्या पफ पॅनेलची पेटी उभी केली, आतून पूर्ण स्टीलची. एकही सांधा उघडा नाही, एकही कोपरा असा नाही जिथे फडकं पोचणार नाही. पायाने दाबायचा नळ, चाळीस लिटरची टाकी, पिशवी कोमट ठेवायला बॅटरीवरची पेटी, टेकून बसायचा बाक. हुक किती उंचीवर हवा हे ठरवायला नथानियलने रेबेकाला तीनदा आत बसवून बघितलं. आरटीओच्या फेऱ्याही त्यानेच मारल्या. दाराला त्याने कंपनीत शिकल्याप्रमाणे चारी बाजूंनी रबर लावलं आणि आत दिवा ठेवून बाहेरून फट शोधली. उजेड कुठूनच येत नव्हता.

प्रविण म्हणाला, "काका, रबर चिकटवून भागणार नाय. पट्टी मारून स्क्रूने दाबा. खडबडीत रस्त्याला पेटी पिळवटते. उभ्या गाडीत फट नाय, ती चालत्या गाडीत पडते."

"स्क्रू मारले तर भोकं पडतील. भोकात घाण बसते."

"मग एकदा खराब रस्त्यावरून फिरवून बघा."

नथानियलने फिरवून बघितलं, पण कोलाडपर्यंतच, डांबरी रस्त्यावरून. तेवढ्यात डिसेंबर संपत आला आणि रेबेका रोज विचारू लागली, कधी निघायचं. दारात उभ्या ट्रेलरमध्ये तिने आठ दिवस पिशव्या लावून पाहिल्या. भाविका सिस्टर स्वतः येऊन बघून गेली. डॉक्टरांनी खुशीने नाही, पण एका मुक्कामाची परवानगी दिली.

जानेवारीतल्या मंगळवारी सकाळची पिशवी घरी उरकून ते निघाले. जीप प्रविणची, चालवायला नथानियल. जिते ओलांडून बांधावर चढले तेव्हा रेबेकाने काच खाली घेतली. दोन्ही बाजूंना मिठागरांची चौकोनी खाचरं, पाणी आटत आलेलं. ती नावं सांगत होती: हे अमक्याचं, इथे शाळेची वाट, इथे मी पडले होते. मागे ट्रेलर दणके खात होता. नथानियलचं अर्धं लक्ष आरशात.

ठमाबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिला उठता आलं नाही, म्हणून रेबेकाच तिच्याजवळ खाली बसली.

"आलीस गो," ठमाबाई म्हणाली, आणि पुढे बोलायच्या आधी तिने रेबेकाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "अर्धी झालीस."

"तू दुप्पट झालीस. सरासरी तीच हाय."

दोघी हसल्या. नथानियलने बायकोचं ते हसणं दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुपारच्या पिशवीची वेळ झाली, तसा तो तयारी करायला ट्रेलरमध्ये गेला. दार उघडलं आणि थांबला. बाकाच्या स्टीलवर बारीक करडा थर होता. बोट फिरवलं तर रेघ उठली. दाराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात रबर वीतभर सुटून लोंबत होतं.

बाहेर त्या दोघी शाळेतल्या कुणा मास्तरांची नक्कल करत होत्या. नथानियलने हिशेब केला. पेणला परत जाऊन हॉस्पिटलात पिशवी लावायची तर दीड-दोन तास. पिशवी उशिरा लागली असती, एवढंच. पण परत जायचं तर रेबेकाला सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर ती पुन्हा कधी घराबाहेर पडली नसती. त्याने रबर टेपने चिकटवलं. स्पिरिट घेऊन स्टीलची प्रत्येक बाजू दोनदा पुसली, हुक पुसला, नळ पुसला. वीस मिनिटं दार बंद करून धूळ बसू दिली आणि पुन्हा पुसलं. मग तिला हाक मारली.

"एवढा वेळ काय करत होतात?" तिने आत आल्यावर विचारलं.

"पाणी गरम होत होतं," तो म्हणाला.

त्या मुक्कामात तिथे चार पिशव्या लागल्या. बुधवारी दुपारी ते परतले. रेबेका वाटभर बोलत होती. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी तिने पोटातलं पाणी काढलं, पिशवी पेपरवर ठेवली आणि नुसती बघत राहिली. अक्षरं दिसत नव्हती. पाणी भाताच्या पेजेसारखं झालं होतं.

तासाभरात ते पेणला होते. पोटात जंतुसंसर्ग झाला होता. रेबेकाला हुडहुडी भरली, पोटाला हात लावू देईना. पाच दिवस पोटात औषधं सोडली, पाणी निवळलं नाही. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी नळी काढून टाकली आणि मानेत दुसरी बसवून तिला मशीनवर घेतलं. पोटाच्या डायलिसिसला आता परत जाता येणार नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

नथानियलने आधी भाविका सिस्टरला सगळं सांगितलं. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्याच. तिने मध्ये अडवलं नाही.

"धुळीनेच झालं का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. हातानेही होतं, घरीही होतं. मी धुळीने नाही म्हणणार नाही, आणि धुळीनेच म्हणूनही सांगणार नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"त्यांनी मला दोनदा विचारलंय, माझ्या हाताची काही चूक झाली का म्हणून. मी काय उत्तर देऊ ते तुम्हीच ठरवा."

हे त्याला माहीतच नव्हतं. इतके दिवस ती स्वतःचे हात बघत पडली होती.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने रेबेकाला सांगितलं. प्रविणने सुचवलेले स्क्रू, थर, रबर, टेप, स्पिरिट, सगळं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"मला का नाय बोललात?"

"तू हसत होतीस."

"हसत व्हते म्हणून?"

"परत फिरलो असतो तर तू परत कधी निघाली नसतीस."

"ते मी ठरवलं असतं," रेबेका म्हणाली. "कदाचित म्हटलं असतं, लावा तशीच, बघू काय व्हतं ते. कदाचित म्हटलं असतं, फिरवा गाडी. पोट माझं व्हतं. तुम्ही पंपाचं सील बदलल्यासारखं परस्पर ठरवलंत."

तिने आवाज चढवला नाही. पण त्यानंतर कामापुरतंच बोलायला लागली. औषध, गाडी, किती वाजता निघायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो तिला पेणला न्यायचा. चार तास ती मशीनवर, तो बाहेर बाकड्यावर. बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक गप्पा मारायचे, तो नाही. ट्रेलर घराच्या मागे ताडपत्रीखाली होता. शीराला त्याने खरं कारण फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आईला इकडे पाठवा." रेबेकाने नकार दिला. नवऱ्यावर राग होता म्हणून देश सोडायला ती तयार नव्हती.

मार्चच्या एका शनिवारी, कुंडलिका नदीवरचं ऊन अंगणात आलं असताना, ती म्हणाली, "आता एक गोष्ट बरी झाली. मला खोली नको. पिशवी नको. सोमवारी सकाळपर्यंत मी मोकळी हाय. उद्या ठमाकडं जाऊ."

नथानियल नाही म्हणाला. तो रस्ता, तो बांध, त्याच्याने होणार नव्हतं. प्रविणला सांगतो, तो नेईल, असं म्हणाला. "प्रविण कशाला? माझी मी जाते," रेबेका म्हणाली. आणि रविवारी सकाळच्या गाडीने ती खरंच एकटी गेली. मानेवरची पट्टी पदराने झाकलेली, हातात एक पिशवी. जितेला ठमाबाईचा भाचा मोटारसायकल घेऊन येणार होता.

त्या दिवशी नथानियल काहीच जेवला नाही. दुपारी तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. संध्याकाळची गाडी यायच्या दीड तास आधीच तो रोहा स्टेशनवर जाऊन बसला. गाडी आली, माणसं उतरली. रेबेका शेवटून दुसऱ्या डब्यातून उतरली, हळूहळू, दांड्याला धरून. मोटारसायकलच्या धुळीने केस पांढुरके झाले होते आणि पाय सुजले होते.

तो पुढे झाला. तिने पिशवी त्याच्याकडे दिली.

"पाणी जास्त प्यायले," ती म्हणाली. "ते सगळं उद्या मशीनला काढावं लागंल, त्रास व्हईल. आधीच सांगून ठेवते."

"किती?"

"दोन तांबे. ऊन व्हतं. आणि ठमाने सरबत केलं, ते पण घेतलं."

दोघं पुलाच्या पायऱ्यांशी आली. तिथे ती दम खायला थांबली.

"ठमा विचारत व्हती, भावजी का नाय आले."

"काय सांगितलंस?"

"जे झालं ते सांगितलं. ती म्हणाली, मला त्या दिवशीच दिसलं व्हतं, आत एवढं काय पुसतायत म्हणून." रेबेकाने श्वास घेतला. "म्हंजे तिला दिसलं, तुम्हाला दिसलं. मलाच नाय."

नथानियलने दुसरा हात तिच्या कोपराखाली धरला. तिने तो काढून टाकला नाही. दुसऱ्या दिवशी मशीनवर खरंच त्रास झाला. रक्तदाब उतरला, पायात गोळे आले, आणि पहिल्यांदाच तिने सिस्टरला सांगून त्याला आत बोलावून घेतलं. उरलेला सगळा वेळ तो स्टुलावर बसून तिचे पाय दाबत होता. मध्येच ती म्हणाली, ट्रेलरच्या रबराला पट्टी मारून स्क्रू लावून घ्या प्रविणकडून, पुढच्या वेळी ठमाकडं दोघं तो घेऊन जाऊ, दमले की पडायला व्हईल. कधी निघायचं ते त्याने या वेळी तिलाच विचारलं.